पायलटची झोप आणि ड्रायव्हरची डुलकी

२०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची विमानं धडाधड रद्द होत होती, टीव्हीवर बॅगांचे डोंगर दिसत होते आणि आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. टीममधल्या एकाचं लग्न हुकलं होतं (स्वतःचं नव्हे, मावसभावाचं) त्यामुळे तो भलताच पेटला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, "महिन्याला सात-आठ लाख घेतात हे लोक आणि आता म्हणे आठवड्याला ४८ तास सलग विश्रांती पाहिजे! अरे, अर्धा वेळ तर ऑटोपायलट चालवतो. आपण रिलीजच्या आठवड्यात किती झोपतो? शेवटी ड्रायव्हरच ना तो! माझा टॅक्सीवाला सोळा-सोळा तास चालवतो, तो कधी तक्रार करतो का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण ते शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं.

पंधरा दिवसांनी मला पहाटेचं विमान होतं. साडेतीनला टॅक्सी आली. बाणेरहून निघालो, विद्यापीठाच्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे संगमवाडीच्या आसपास गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. आरशात पाहिलं तर ड्रायव्हरच्या पापण्या मिटून उघडत होत्या. "दादा, झोप झाली का?" मी विचारलं. "झाली ना सर, थोडी." थोडी म्हणजे किती, तर गाडीतच तासभर. गडी आदल्या दिवशी दुपारी चारला निघाला होता. हिंजवडीची संध्याकाळची गर्दी, मग रात्रीचे दोन-तीन ड्रॉप, मग मी. मला सोडून सव्वापाचचं आणखी एक भाडं होतं. मग मी जे आपण सगळेच करतो ते केलं, म्हणजे विमानतळापर्यंत अखंड बडबड केली. गाव कुठलं, पाऊस कसा झाला, मुलं कितवीला. एका पंपावर थांबायला लावून त्याला तोंडावर पाणी मारायला सांगितलं. उतरल्यावर ॲपने विचारलं, ड्रायव्हर कसा होता? मी पाच तारे दिले. कमी दिले तर त्याचं काम बंद पडेल अशी भीती वाटली.

आणि मग विमानात बसून, पट्टा आवळून, समोरच्या बंद दारामागच्या माणसाची झोप झालीये की नाही याचा एका क्षणाचाही विचार न करता मी मस्त झोपून गेलो.

उठल्यावर मात्र प्रश्न पडला की ही निश्चिंती आली कुठून? त्या दारामागचा माणूस काही वेगळ्या हाडामांसाचा नाही. मग पुढचे तीन-चार शनिवार-रविवार यातच गेले. बायको म्हणाली, "पायलट व्हायचंय का आता?" वय गेलं, नाहीतर विचार केला असता. असो.

आधी पहिल्या विमानवाल्यांची अवस्था सांगतो. पायलट सुरुवातीपासून असा कडक इस्त्रीतला माणूस होता असं आपल्याला वाटतं, तर तसं अजिबात नव्हतं. अमेरिकेत १९१८ साली पोस्टखात्याने विमानाने टपाल न्यायला सुरुवात केली. उघडी विमानं, नकाशे नावापुरते, हवामानाचा अंदाज म्हणजे डोकं बाहेर काढून बघणे. पोस्टखात्याने घेतलेल्या पहिल्या ४० वैमानिकांपैकी ३१ जण या कामात मेले असा आकडा या विषयावरच्या पुस्तकांत वारंवार येतो. आपल्या दृष्टीने ही टपालाची ट्रक-सर्व्हिसच होती. पगार बरा, आयुष्य कमी. वरचे साहेब म्हणायचे, टपाल वेळेवर गेलंच पाहिजे, धुकं असो की वादळ.

१९१९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळ दाट धुकं होतं आणि दोन वैमानिकांनी उडायला नकार दिला. त्यांना काढून टाकलं. तर बाकीच्यांनी काम बंद केलं. संप जेमतेम काही दिवस चालला, पण तडजोड मोठी मजेशीर निघाली. हवा खराब आहे की नाही यावर वैमानिकाचं आणि तळावरच्या मॅनेजरचं जुळलं नाही, तर मॅनेजरने स्वतः विमानात बसून एक फेरी मारून दाखवायची! आमच्याकडे रात्री दोनला प्रॉडक्शनमध्ये बदल टाकायला लावणाऱ्या मॅनेजरांसाठी असा नियम कुणी आणेल का?

त्यानंतरची महत्त्वाची तारीख १९३४. त्याआधी १९३१ मध्ये अमेरिकन वैमानिकांनी आपली युनियन काढली होती. मंदीचा काळ, नोकऱ्यांसाठी रांगा, आणि १९३२ मध्ये ई. एल. कॉर्ड नावाच्या मालकाने आपल्या सेंच्युरी एअरलाइन्सच्या वैमानिकांचे पगार निम्म्याहून खाली आणायला काढले. त्याचा हिशोब सरळ होता, बेकार वैमानिक ढिगाने पडलेत, हे नाही तर ते. भांडण शिकागोहून थेट वॉशिंग्टनला गेलं, काँग्रेसमध्ये गाजलं, आणि काही महिन्यांत कॉर्डला ती कंपनी विकून बाजूला व्हावं लागलं.

पण खरा पेच पुढेच होता. तोवर वैमानिकांना मैलामागे पैसे मिळत. आता नवी वेगवान विमानं आली, त्याच वेळात कितीतरी जास्त मैल कापणारी. कंपन्या म्हणाल्या, मैल विसरा, आता तासावर पैसे देऊ. मुंबईच्या गिरणीत नवे माग आले तेव्हा, बँकेत कॉम्प्युटर आला तेव्हा, आणि आत्ता आमच्याकडे कोड लिहिणारं एआय आलं तेव्हा जो प्रश्न पडला तो हाच आहे. यंत्र वेगवान झालं तर वाचलेला वेळ कुणाचा? प्रकरण राष्ट्रीय श्रम मंडळापुढे गेलं आणि १९३४ च्या मे महिन्यात त्यांचा ८३ व्या क्रमांकाचा निर्णय आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, पगारात मूळ रक्कम, तासाचे पैसे आणि मैलाचे पैसे असे तिन्ही घटक राहतील, म्हणजे विमान वेगवान झालं तर वैमानिकालाही त्यातला वाटा मिळेल. आणि दोन, महिन्याला ८५ तासांपेक्षा जास्त उडायचं नाही.

१९३८ च्या विमान वाहतूक कायद्याने तो निर्णय पाळणं कंपन्यांना सक्तीचं केलं. आज जगभर वर्षाला साधारण १००० तासांच्या आसपास उड्डाणाची मर्यादा दिसते, आणि आपल्याकडेही तेवढीच आहे. आमच्या कॅन्टीनमधल्या मित्राने हा आकडा ऐकून "म्हणजे दिवसाला तीन तास!" असं म्हणून घेतलंच. पण हे फक्त विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचे तास. त्याच्या आधीची तयारी, मधलं थांबणं, उशीर झालेल्या विमानाची वाट बघत खुर्चीत बसणं हे सगळं ड्यूटीत धरतात, या हजारात नाही. आपल्या भाषेत, फक्त की-बोर्डवर बोटं असतानाचे तास मोजण्यासारखं आहे ते.

गंमत बघा, त्याच १९३८ साली अमेरिकेत कामगारांसाठी जो मोठा कायदा झाला, ज्याने जादा कामाला दीडपट पैसे द्यायची पद्धत आणली, त्यातून लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांना वगळलं. ट्रकवालेही मैलावरच पैसे घेत होते आणि त्यातले बहुतेक अजून तसेच घेतात. पायलटला मैलाचा फायदा झाला कारण वर ८५ तासांचं झाकण होतं. ट्रकवाल्याच्या तासांवरही नियम आला, पण तास लिहायची वही त्याच्याच हातात दिली. मैल वाढवायचे तर वही 'नीट' भरायची. तिकडचे ड्रायव्हर त्या वहीला चेष्टेने गोष्टीचं पुस्तक म्हणत. २०१७ च्या शेवटी इंजिनाला जोडलेलं मशिन तास मोजायला लागलं तेव्हा कुठे ते थांबलं.

आता आपल्याकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला टपालाचं पहिलं विमान आणलं आणि नेव्हिल व्हिन्सेंट ते पुढे मद्रासला घेऊन गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. पावसाळ्यात जुहूचा चिखल झाला की ही सगळी सर्व्हिस पुण्याहून चालायची, हे मला पुण्यात इतकी वर्षं राहूनही माहीत नव्हतं. पण आपल्या विषयाला खरी धार आहे ती अलीकडच्या काळात.

२००७ च्या जुलैमध्ये आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे, जास्त विश्रांती देणारे नियम काढले. तेव्हा स्वस्त विमानांची लाट होती, वैमानिक कमी होते, कंपन्यांनी आक्षेप घेतला. २००८ च्या मे महिन्यात ते नियम थांबवून ठेवले गेले आणि १९९२ चं जुनं परिपत्रक परत लागू झालं. वैमानिकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, तिथे हरल्या, मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

ते प्रकरण कोर्टात असताना, २२ मे २०१० च्या सकाळी सहाच्या सुमारास, एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. १६६ माणसं होती, आठ वाचली. कॅप्टन दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभवी माणूस. चौकशीत कॉकपिटचं रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. दोन तास पाच मिनिटांच्या त्या टेपमध्ये पहिला सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेला होता, त्याच्या घोरण्याचा आवाज त्यात आहे. उतरण्याच्या थोडंसं आधी तो उठला. गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटं मेंदू अर्धवटच चालू असतो, त्याला झोपेचं जडत्व म्हणतात. विमान फार उंचावरून, फार वेगात येत होतं. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं, उतरू नका, वर घ्या, पुन्हा फिरून येऊ. त्याने घेतलं नाही. अहवालाने पहिली जबाबदारी कॅप्टनवरच ठेवली, पण त्याच्या लांबलेल्या झोपेला आणि पहाटेच्या त्या वेळेला, ज्या वेळेला कुठल्याही माणसाचं शरीर सगळ्यात मंद असतं, कारणांच्या यादीत जागा दिली.

मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही वैमानिक हरले. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डीजीसीएने नवे नियम आणले.

अमेरिकेतही तेव्हा असंच काहीसं चालू होतं. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं छोटं विमान एका घरावर पडलं, ५० माणसं गेली. चौकशीत कळलं की सहवैमानिक मुलगी आदल्या रात्री सिएटलहून मालवाहू विमानांतून देश ओलांडून कामावर आली होती आणि कॅप्टनने रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. तिचा पगार वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्याही आत होता. इतक्या पैशात न्यूयॉर्कजवळ घर परवडणार कुठे? चौकशी मंडळाने थकव्याला मुख्य कारण म्हटलं नाही, पण थकव्याचा परिणाम झाला असणार हे मान्य केलं. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. कायदा झाला, सहवैमानिकालाही साधारण १५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला, आणि २०१४ च्या जानेवारीपासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले.

पण फक्त प्रवासी विमानांना! मालवाहू विमानांच्या वैमानिकांना त्यातून वगळलं. सरकारी हिशोबात त्यांना विश्रांती द्यायचा खर्च, अपघात टळण्याच्या फायद्यापेक्षा जास्त निघाला होता. तेच आकाश, त्याच धावपट्ट्या, तसंच विमान, माणसाला तशीच झोप. फरक एवढाच की मागे खोकी बसलेली आहेत आणि खोक्यांना नातेवाईक नसतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मामांची आठवण झाली.

मामा ट्रक चालवायचे. कोल्हापूरकडची भाजी वाशीच्या मार्केटला. मालकाच्या दोनच गाड्या. संध्याकाळी माल भरायचा, रात्रभर चालवायची, पहाटे मार्केट उघडायच्या आत पोचायचं, दिवसा गाडीखाली चादर टाकून पडायचं, परतीचं भाडं मिळालं की लगेच निघायचं. पगार असा नव्हताच, ट्रिपमागे पैसे आणि वरती भत्ता. सणाच्या आधी तीन-तीन रात्री लागोपाठ. १९९८ सालच्या गणपतीच्या आठवड्यात, अशाच तिसऱ्या रात्री, खंबाटकी घाटात मामांना डुलकी लागली. गाडी कठड्याला धडकून कलंडली. मामांच्या दोन बरगड्या मोडल्या. क्लीनर पोरगा एकोणीस वर्षांचा होता, त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलिसांच्या कागदावर काय लिहिलं होतं ते मी मोठेपणी वाचलं, कारण केस सहा वर्षं चालली आणि कागद आमच्याच घरी होते. भरधाव वेगाने, हयगयीने आणि निष्काळजीपणे वाहन चालवून. मामा किती तास जागे होते हे त्यात कुठेच नाही. त्यांना कुणी विचारलंही नाही, आणि त्यांनी आपणहून सांगितलं असतं तर तो कबुलीजबाबच ठरला असता. मालकाचं नाव आलं ते फक्त गाडीचा धनी म्हणून.

आणि कायदा नव्हता असं नाही बरं का! मला वाटायचं, पायलटला नियम आहेत, ट्रकवाल्याला नाहीत. साफ चूक. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, लांबच्या मार्गाला परवानगीने दहा. पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत. वाचताना कुणीतरी खरंच माणसाचा विचार करून लिहिलाय असं वाटतं. पण तो लागू होता पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या धंद्याला. आमच्या मालकाकडे दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर, झाले चार. मग १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तासांची तीच मर्यादा व्यावसायिक गाडी चालवणाऱ्या कुणालाही लावली. म्हणजे त्या रात्री खंबाटकीत मामांना कायद्याने आठ तासांचाच हक्क होता. फक्त ते तास कुठल्याही वहीत लिहिले जात नव्हते, आणि हजेरीपटच नाही म्हटल्यावर तपासणारा कशाला येतोय? २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो १९६१ चा कायदा त्यात जमा झाला. मामांनी त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं.

मंगळूरचा कॅप्टन घोरत होता हे आपल्याला माहीत आहे, कारण तिथे टेप होती. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी खासगी बस पेटली, २५ माणसं जळून गेली. ड्रायव्हर म्हणाला टायर फुटला. आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याच्या खुणा नाहीत असं आलं. मग डुलकीची शंका निघाली, मग दारूची बातमी आली. तो त्या आधी किती झोपला होता, हे सांगणारा एकही कागद कुणी पुढे केल्याचं माझ्या वाचनात नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे दिवसाला साधारण ४६०. रोज जवळपास तीन मंगळूर. त्यातली झोपेमुळे किती, हे मोजायला मोजणारा हवा.

रेल्वेचं उदाहरण मधलं आहे. इंजिन ड्रायव्हरांनी १९७३ च्या ऑगस्टमध्ये संप केला, मागणी एकच, ड्यूटी दहा तासांच्या वर नको. तोवर चौदा-सोळा तास फायरबॉक्ससमोर उभं राहणं नेहमीचं होतं. सरकारने दहा तासांचं तत्त्व मान्य केलं. (पुढच्याच वर्षीचा मोठा रेल्वे संप सगळ्यांना आठवतो, हा आधीचा कुणाला आठवत नाही.) पुढे रेल्वेने या लोकांचं पदनाम बदलून 'लोको पायलट' केलं. नाव मिळालं, पण विश्रांतीसाठी त्यांची आंदोलनं आजही चालू असतात.

आता पैशांचं. मित्राचाच आकडा धरू, कॅप्टनला महिन्याला आठ लाख आणि ८० तास उड्डाण. तासाला दहा हजार झाले. विमानात १८० सीटा, म्हणजे माझ्या तिकिटातून तासाला पंचावन्न-छप्पन रुपये कॅप्टनला. आता एसटी घ्या. २०२१ च्या संपात जाहीर झालेल्या पगारवाढीने नव्या चालकाचा एकूण पगार साधारण साडेचोवीस हजारांवर गेला. महिन्याला २०० तास धरले तर तासाला सव्वाशेच्या आत. गाडीत ४४ माणसं, म्हणजे माणशी तीन रुपयेसुद्धा नाहीत. पायलटचं शिक्षण महाग आहे हे खरं. व्यावसायिक लायसन्सला २०० तास उड्डाण लागतं, खर्च पन्नास लाखांच्या पुढे, नंतर दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा, नियमित वैद्यकीय तपासणी. नापास झाला की घरी. त्या उलट, मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये व्यावसायिक गाडीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष चालवणं किमान १५ तास ठेवलंय, आणि तेवढं तरी किती जण करतात हे आपण सगळे जाणतो. मामा तर क्लीनर असतानाच रात्री उस्ताद झोपला की स्टिअरिंगवर बसून शिकले. पण शिक्षणातल्या फरकाने पगारातला फरक समजतो, झोपेतला नाही. पंधरा तासांत शिकलेल्या माणसाला झोप कमी लागते असं कुठल्या डॉक्टरने सांगितलंय?

उलट पायलटचं काम या बाबतीत थोडं सोपंच म्हणायचं. शेजारी दुसरा पायलट असतो, वर आकाश मोकळं असतं, खाली कंट्रोलवाले बघत असतात. घाटात मामांच्या शेजारी एकोणीस वर्षांचा पोरगा होता आणि तोही झोपला होता.

डिसेंबरच्या त्या गोंधळाची हकिकतही पूर्ण करतो. नियम २०२४ च्या जानेवारीतच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोनवर. लागू व्हायला लागले दिल्ली उच्च न्यायालयासमोर टप्पे ठरले तेव्हा, पहिला जुलै २०२५ ला, दुसरा १ नोव्हेंबरला. म्हणजे कंपन्यांना जवळपास दोन वर्षं मिळाली होती. दुसरा टप्पा सुरू झाल्यावर महिन्याभरात विमानं जमिनीवर, आणि सरकारने त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत काही नियमांतून सूट दिली. कॅन्टीनमध्ये मी हे सगळं सांगितलं. मित्र म्हणाला, "ते ठीक आहे रे, पण माझं लग्न गेलं ना." त्याचंही बरोबर होतं.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा मामांना भेटलो. आता सत्तरीला आलेत, दोन एकर ऊस आणि एक म्हैस. ओट्यावर चहा घेताना त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. धुक्यातला संप, ८५ तास, मंगळूरची टेप. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"झोप आली तर चालवू नगं, म्हणाय सोपं हाय," मामा म्हणाले. "भाजी थांबतीया व्हय?"

मी म्हटलं, "मामा, त्यांचंसुद्धा विमान थांबत नव्हतंच पूर्वी."

थोडा वेळ गेला. मग त्यांनी विचारलं, "आन् त्यांचं तास लिवतंय कोन? त्येंचं तेच?"

"नाही, कंपनी लिहिते. आणि सरकार तपासतं."

"आन् त्या पोराचा पाय गेला, तसं तिकडं कुनाचं काय झालं तर?"

"चौकशी बसते. किती झोपला होता, कधी उठला, सगळं काढतात."

"मला कुनी इचारलंच न्हाई," ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला. तेवढ्यात आतून मामींनी लाईट आल्याचं ओरडून सांगितलं, आणि मामा मोटर चालू करायला विहिरीकडे गेले.